लोणच्याच्या तीन बरण्या

ती. आईस,
द्वारकेहून तनयाचा वाकून नमस्कार.

काळजी करू नकोस, जेवण वेळेवर होतं. बहुतेक.

ऑफिसातलं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवतं. कुठे ठेवायच्या ते आम्ही सांगायचं, आणि मी तिन्ही एकाच रॅकमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या एकाच कपाटात, ठेवल्या होत्या! मग तुझ्या बरण्या आठवल्या. एक स्वयंपाकघरात, एक देवघरात, एक सुनीतीमावशीकडे. एकीला बुरशी लागली तरी लोणचं उरतं. लगेच प्रती वेगवेगळ्या रॅकमध्ये हलवल्या. मंगळवारी तो पहिला रॅक जळाला, पण हजारो लोकांच्या पेन्शनच्या फाइली वाचल्या. साहेब म्हणाले, "बिल्कुल सही किया." श्रेय तुझं गं.

गुडघा कसा आहे?

खायला कोणी नाही म्हणून यंदा एकच बरणी घातलीस म्हणालीस. तीन घाल. एक न्यायला मी येते.

तुझीच,
तनया