सावलीत वाळवलेली पानं

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमच्यावरचा राग अजून तसाच आहे. देवापुढं बसते तेव्हा गेलेल्या सगळ्यांची नावं घेते, तुमचंही घेते. पण तुमच्या नावाशी आल्यावर जीभ जरा अडते.

तुम्ही कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि अडुळशावर पीएच.डी. करत होता. पानातलं जे कडू द्रव्य छातीतला कफ सोडवतं, ते आधी पानातून शुद्ध काढायचं आणि मग तेच प्रयोगशाळेत पानाशिवाय तयार करायचं, म्हणजे औषधासाठी झाडं ओरबाडायला नकोत. जेवताना हे तुम्हीच मला समजावलं होतं. ब्याण्णव साल, मी दहावीला. परसातला अडुळसा खुडायचा, वाळवायचा, तोलून वहीत वजन लिहायचं, हे काम माझं. "पास हो, सायन्सला घालतो. मला घरातच असिस्टंट पायजे," असं तुम्ही म्हणाला होता.

तुमची पानं गच्चीवर उन्हात वाळायची. माझ्या वाटणीची मी देवघरात धुतलेल्या लुगड्यावर पसरायची. औषधाचा पाला आधी अंबाबाईच्या पायाशी ठेवावा, उन्हात टाकू नये, ही आईची रीत. तुम्ही हसलात. दोन महिन्यांनी वही चाळताना ते हसणं थांबलं, कारण तेवढ्याच वजनाच्या देवघरातल्या पानांतून दर वेळी जास्त माल निघत होता. मग सगळाच पाला आत आला आणि आईला नैवेद्याचं ताट ठेवायला जागा उरेना. "देवघर हाय का कारखाना हाय ह्यो," ती म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीत तुमचे गाइड सर चहाला आले. पाला सावलीत वाळवायचं कुणाला सुचलं, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. मी कपबशा घेऊन समोर उभी. माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "मलाच, सर. सहज करून बघितलं." सरांनी तुमची पाठ थोपटली. मी आत आले तर आई म्हणाली, "आवाज बी हालला न्हाय की तुझ्या बाचा." सर गेल्यावर मी विचारलं, तेव्हा देवघराचं सांगितलं असतं तर सर हसले असते, म्हणालात, आणि नाव कुणाचं का असंना, काम घरचंच की.

पुढं वहीत पाल्याला पहिल्यासारखा कस राहिलेला दिसेना म्हणून तुम्ही त्याचा नाद सोडलात. दिवस दिवस प्रयोगशाळेत काढून ते द्रव्य शेवटी बाटल्यांतल्या रसायनांपासून केलंत. पुडीतून पांढरी चिमूट आणलीत. "ह्ये आणि पानातलं, एकच. फरक सांग बघू." मला सांगता आला नाही. निकाल लागला, मी पहिल्या वर्गात पास झाले, सायन्सचा फॉर्म आणून तुमच्या टेबलावर ठेवला. तो तिथंच राहिला. तुम्ही म्हणालात, "आता पानं लागत न्हाईत. उचगावचं स्थळ चांगलं हाय." असिस्टंटची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

परवा माझ्या लेकीनं विचारलं, मी पुढं का शिकले नाही. आजोबांनी शिकवलं नाही, म्हटलं. तिला तुमचा राग आला, आणि मला बरं वाटलं.

पण एक तिला सांगितलं नाही. हा कागद पोथीत घडी होऊन राहणार, म्हणून लिहिते. सर येऊन गेल्यापासून मी वहीत पानांचं वजन वाढवून लिहीत होते. सातशे ग्रॅम भरली तर नऊशे. तेवढाच माल जास्त पानांतून निघालेला दिसावा, तुमचं सावलीचं शहाणपण सरांपुढं खोटं पडावं, इतकंच डोक्यात होतं. पानं गेली तर मीही जाईन, हे सुचलं नाही. कदाचित तुम्ही तसेही बाटल्यांकडं वळला असता. पण आबा, तुम्ही एकदाही पुन्हा तोलून बघितलं नाहीत. माझ्या आकड्यावर तुमचा तेवढा भरवसा होता, आणि तो मला तेव्हाही ठाऊक होता.