चित्रातल्या रतनचे तोंड कोणीकडे

मु. कोपरगाव,
ता. ११ फेब्रुवारी १९७१

श्री. राधाकृष्णराव यांस,

आसारामचा मनापासून रामराम. इकडे सर्व ठीक. आईंचे गुडघे संगमनेरच्या थंडीत कसे आहेत ते कळवावे. रतनच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आपल्या बहिणीचे जे चित्र काढून आणलेत, त्याने इकडे फार घोळ घातला आहे, म्हणून लिहितो. (मला पत्रांची सवय नाही, हे तुम्ही जाणताच.)

चित्रात तसे काहीच घडत नाही. आमचेच स्वयंपाकघर. रतन पाठमोरी चुलीपुढे, बाजूला रिकामा पाट, खिडकीतून आलेले ऊन. पण झुंबरआत्यांना (माझ्या वडिलांची बहीण, सध्या मुक्काम इथेच) त्यात निरोप दिसला. "पाट रिकामा हाय. रतन सांगतीया, दुसरी आन." मी म्हणालो, "आत्या, रतन चुलीपुढे आहे, म्हणजे रिकामा पाट माझा." "मग बसतूस का कवा त्याच्यावर? उभ्या उभ्या च्यात पाव बुडवून खातूस!" त्यांनी स्थळही आणले. मनकर्णाबाई, इथल्याच बालवाडीत शिकवतात, विधवा आहेत. मी सांगितले, रतनच्या भावाला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही.

तेवढ्यात शेजारचे छगनराव आले. चित्र दक्षिणेच्या भिंतीवर होते. "आसारामभाऊ, वहिनी दक्षिणेकडं तोंड करून सैपाक करत्यात की!" झाले. चित्र उतरवले. उत्तरेला देव, पश्चिमेला ओल, आणि पूर्वेच्या भिंतीला उघडे दार येऊन टेकते. शेवटी छगनरावांनी ते दाराच्या बाहेरच्या अंगालाच ठोकले. दार आत उघडून भिंतीला टेकवले की रतनचे तोंड पूर्वेला. पण दार लावले की ती रस्त्यावर! म्हणून दिवसभर दार उघडे. (वर्षभर मी ते लावून बसत होतो.) उघडे दार दिसले की लोक आत येतात, चित्राचा अर्थ सांगतात आणि चहा घेऊन जातात. दूधवाल्याच्या मते चित्रातल्या चुलीची लाकडे ओली आहेत. एका मावशींनी हार घातला, तर खिडकी झाकली जाऊन चित्रात अंधार पडला.

रविवारी मनकर्णाबाई आपल्या मामांबरोबर आल्या. पुष्कळ वेळ चित्रापुढे उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "सैपाक झालाय त्यांचा. हात जमिनीला टेकलाय बघा, उठायच्या बेतात आहेत." मी पाहिले. डावा हात खरेच टेकलेला आहे. रोज पाहून मला तो दिसला नव्हता. रतन तिथेच बसून राहिली आहे, असेच मी धरून चाललो होतो. त्या दिवशी मी बसून जेवलो.

तरी माझा काही आग्रह नाही. चित्राचा खरा अर्थ तेवढा कळवावा, म्हणजे घरातला वाद मिटेल. आईंच्या पायांवर डोके ठेवतो.

तुमचा,
आसाराम

ता. क. अर्थ नाही कळवलात तरी चालेल. होकार कळवा.

आणखी एक. मनकर्णाबाईंना भाऊ नाही. रतनच्या जागी त्यांना बहीण मानून त्यांचे माहेर तुमच्याकडे करता येईल का, ते आईंना विचारावे. नाही म्हणालात तरी मनात काही ठेवणार नाही.

आणि हे राहिलेच. (परवा त्या पुन्हा आल्या होत्या, दार उघडेच होते.) बोलताना तुम्हांला त्या 'दादा' म्हणू लागल्या आहेत. मी अडवले नाही.