चौदा दिवस तोंड बंद

३ ऑक्टोबर, मंगळवार
चौदा दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही — कुजबुजणं म्हणे आणखी वाईट! सियांतार शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या स्वरतंतूवरची गाठ काढली आणि वर हे सांगून मोकळे झाले. शेजारी आमचे हे, हालोमोआन, उभे होते. त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. एकोणतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं दाबलेलं हसू मला ओळखता येतं.
म्हणून ही वही. कुठेतरी बोलायला तर हवं.

४ ऑक्टोबर
हे सरोवरावर प्रवासी बोट चालवतात, त्यांच्याच बोटीने घरी आले. बोटीवर बाजाराहून परतणाऱ्या बायका — काय झालं, कसं झालं. हे म्हणाले, हिला गप्प राहायला सांगितलंय. मागून कुणीतरी देवाचे आभार मानले. कोण ते मला कळलंय. चौदा दिवस संपू देत.
गाठीचा तुकडा तपासायला मेदानच्या मोठ्या इस्पितळात गेलाय. तीनेक आठवडे लागतील. त्याबद्दल लिहायचं नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
बेर्लियाना वन्सं येऊन गेल्या. दोन तास बोलल्या. बावीस तारखेला चर्चमध्ये सुगीची उपकारस्तुती आहे आणि बायकांचं गायन मंडळ वीस वर्षं मीच उभं करत आलेय. ते आता त्या करणार म्हणे. मी पाटीवर लिहिलं, दुसऱ्या कडव्यात घाई करू नका. खाली दोन रेघा ओढल्या.
त्या म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही लिहितानासुद्धा ओरडता.”

८ ऑक्टोबर, रविवार
वीस वर्षांत पहिल्यांदा बाकावर बसून गाणं ऐकलं. वाईट गातील अशी आशा — छे, भीती होती. चांगलं गायल्या. लास्मा आजींचा खालचा, जाड, मधासारखा आवाज आहे. मला ठाऊकच नव्हता! इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून मी माझ्या आवाजाने त्यांचा आवाज झाकत होते. लाज वाटली, मग हसू आलं. आवाज न करता हसणं फार अवघड असतं, पोट दुखतं.
शेवटी पाळकांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली — प्रभू, हिचा आवाज हिला परत दे. सगळे आमेन म्हणाले. माझ्या मनातसुद्धा आमेन आलं नाही.
लिहूनच टाकते, कोण वाचतंय! बावीस वर्षांत मी देवाकडे काही मागितलेलं नाही. आमची थोरली, रिस्मा, तापाने फणफणली होती तेव्हा मागितलं होतं, सात दिवस, गुडघ्यांवर. चार वर्षांची होती. त्यानंतर गायले, आभार मानले, चर्च झाडलं, सणाला शंभर माणसांचा भात शिजवला. मागितलं नाही. एकदा नाही म्हणालेल्या शेजारणीशी वागतो तसं. येता-जाता हसायचं, पण वाटी घेऊन तिच्या दारात परत उभं राहायचं नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार
हे बोलायला लागलेत! घर फार शांत आहे, करमत नाही म्हणाले. आज बोटीवर एका डुकराने पुढच्या बाकावर बैठक मारली. मालक म्हणे, त्याला मागे मळमळतं. ते सांगताना ह्यांनी डुकराचा चेहरासुद्धा केला. हा माणूस एवढा गमत्या आहे? की मीच कधी मध्ये तोंड घालू दिलं नाही?

१२ ऑक्टोबर
मिरं जास्त पडलं. तीनदा शिंकले. शिंक चालते का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार
पहाटे हे म्हणाले, चल, पलीकडून माणसं आणायचीत, जाताना बोट रिकामीच आहे. सरोवराच्या मध्यावर इंजिन बंद केलं. मला वाटलं, बिघडलं. ह्यांनी टोपी काढली आणि मोठ्याने बोलायला लागले. माझ्याशी नाही.
“प्रभू, माझी पोर तू का नेलीस, ते तू अजून सांगितलं नाहीस. माझं समाधान झालेलं नाही. तरी आज माणसं नीट पार पोचव. आणि रिस्माच्या आईचा घसा बरा कर.”
रिस्माची आई! गावाने ते नाव केव्हाच सोडलंय. धाकट्यावरून मी आता तोगूची आई. माझे डोळे वाहायला लागले. पाटी घरी राहिलेली, काही विचारता येईना. हे आपणहूनच सांगू लागले. बावीस वर्षं रोज पहाटे इथे थांबतात. पहिलं वर्षभर नुसते भांडले. मग एकदा भर वादळात, बोट भरलेली असताना, तोंडून मागणं निघून गेलं. मग निघतच राहिलं.
मी हातानेच विचारलं, देतो का?
“कधी देतो, कधी नाही देत. पण त्याने पाठ फिरवलीय असं मला एकदाही वाटलं नाही. रागावून बोलणंच सोडलं असतं, तर ते कळलं नसतं.”
मग टोपी घातली, इंजिन सुरू केलं. पलीकडे गेल्यावर मला गरम कॉफी आणून दिली.

१५ ऑक्टोबर
करून पाहिलं. मनातल्या मनात देवाशी पाऊण तास भांडले. एक शब्द राखून ठेवला नाही. अंग हलकं झालं. मागणं मात्र काही निघालं नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
सुटले! पहिलं वाक्य बोलले आणि हे म्हणाले, “कोण पाहिजे आपल्याला?” माझा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा येतोय. वरचे सूर गेले. डॉक्टर म्हणतात, कदाचित येतील, कदाचित नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार
उपकारस्तुती. वेदीपुढे भाताच्या पेंढ्या, भोपळे, केळी आणि एक कोंबडा. तो पाळकांच्या उपदेशात दोनदा आरवला. माझी जागा सोडून मी लास्मा आजींच्या शेजारी, खालच्या आवाजांत उभी राहिले. त्यांनी सरकून जागा दिली. तीन ओळी गायले, चौथीला घसा बसला. आजींनी माझा हात धरला आणि माझीही ओळ त्याच गायल्या. वन्सं दुसऱ्या कडव्यात धावल्या. बरं वाटलं तेसुद्धा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
मेदानहून निरोप आला. गाठ कर्करोगाची निघाली. वेळेत सापडलीय, बरी होण्यासारखी आहे. सोमवारपासून सहा आठवडे किरणांचे उपचार.
हे टोपी हातात धरून चुलीपाशी उभे राहिले. एक शब्द फुटेना त्यांना. तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, मोठ्याने, त्या घोगऱ्या आवाजात — “प्रभू, मला अजून जगायचंय. मला बरं कर.”
हे आमेन म्हणाले. मग आम्ही जेवलो. भाताची खरवडसुद्धा उरली नाही.