फरशीपासून वीतभर

४ जून
आज कंबरेसाठी फिजिओकडे गेले. माझ्या लेकीपेक्षा लहान पोरगी. म्हणाली, पाठीचे स्नायू कमजोर, मांडीमागचे आखडलेले. गुडघे न वाकवता वाका म्हणाली. बोटं फरशीपासून वीतभर वर थांबली. तिनं पट्टीनं मोजलं. शरमेनं मान खाली गेली, बोटं मात्र गेली नाहीत.

संकल्प: रोज सकाळी व्यायाम. पुढच्या महिन्यात लेक नातीला घेऊन येतेय. नातीला फरशीवरून उचलून कडेवर घ्यायचंच. आतापर्यंत कुणीतरी आणून मांडीवर ठेवत आलंय, पार्सल ठेवावं तसं.

५ जून
मॅट आणली. निळी. नवीन मॅटला वास येतो. वास गेला की सुरू.

११ जून
वास गेला. पण सकाळी मॅटवर हे असतात. माझेच व्यायाम करतात, कंबर धडधाकट असताना! हौस म्हणतात ती हीच. नवऱ्याला उठवणं बरं दिसत नाही.

२० जून
वाचनालयात कामावर असताना एका आजोबांनी खालच्या कप्प्यातलं पुस्तक मागितलं. बाहेर गेलंय, म्हटलं. वर्षभर खालच्या कप्प्यातली सगळीच पुस्तकं बाहेर गेलेली आहेत. आजोबा स्वतःच वाकले, पुस्तक काढलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्यापासून नक्की.

८ जुलै
फिजिओनं विचारलं, व्यायाम करता ना? दोनदा, म्हटलं. केला एकदाच, पण दुसऱ्या दिवशीही अंग दुखत होतं, म्हणजे दोनदा धरायला हरकत नाही.

पुन्हा मोजलं. अंतर कमी झालं! पोरगी खूश. महिनाभर नखं कापली नाहीत आणि सैल पँटमध्ये गुडघे जरासे वाकवले, हे सांगायची गरज वाटली नाही. नखं काय माझी नाहीत?

१४ जुलै
नखांना लाल पॉलिश. प्रगती दिसायला हवी. व्यायामाला सुट्टी, पॉलिश ओलं होतं.

२६ जुलै
लेक आली. मी नातीकडे हात पुढे केले तर म्हणाली, आई, आधी नखं काप, तिच्या गालाला लागतील. कापली. सगळी प्रगती बेसिनमध्ये.

दुपारी नात रांगत पायाशी आली, दोन्ही हात वर केले. वाकले. तिच्या काखेत हात पोचलेसुद्धा. उचलायला गेले आणि कंबरेत अशी कळ आली की ती खाली, मी ओणवी, दोघी तिथल्या तिथे. ह्यांनी येऊन तिला अलगद उचललं. मग मला सरळ केलं.

लेकीला म्हटलं, मुद्दामच नाही घेतलं गं, कडेवर घ्यायची सवय लागते पोरांना. ती हो म्हणाली. फार लाज वाटली. तिनं खोटं पकडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

२ ऑगस्ट
नात सगळ्यांना बघून हात वर करते. ह्यांना, लेकीला, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. माझ्याजवळ आली की हात खालीच. खुर्चीपाशी बसून राहते आणि मी बसायची वाट बघते.

लागली सवय.