गलेफापुढचा सूर

राजारामपुरी, कोल्हापूर
८ मार्च १९७६

प्रिय आकाराम,

तुझं कॉर्नेट मी विकलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. आता उरलेलं पत्र तू मला शिव्या देत वाचशील, पण वाचशील. दिवाळीनंतर धोंडुवहिनी ते पिशवीत घालून माझ्याकडं आल्या आणि खाली मान घालून तुझा निरोप सांगितला, "कुणालाबी द्या, पण घरात नको म्हणाल्यात." मी घेतलं. फुंकायचं तोंड पुसलं, कळा दाबून बघितल्या, तेल घातलं आणि माझ्या कॉर्नेटशेजारच्या खुंटीला अडकवलं. एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याला म्हणालो, मालक बाहेरगावी गेलाय, आल्यावर बघू. यात खोटं काय आहे? तू कुरुंदवाडात मेहुण्याच्या दुकानात गूळ तोलत बसलायस, म्हणजे बाहेरगावीच.

गेल्या आठवड्यात हंबीरराव पाटील गावावरून इथं आले होते. उरुसाची बोलणी करायला आले असतील म्हणून मी चहा सांगितला, तर त्यांनी कप हातात घेऊन सांगितलं की यंदा गलेफाच्या मिरवणुकीला बँड नको. "जीपवर भोंगा लावू, दिलदारभाई. रेकॉर्ड लावली की झालं. भोंग्याला दम लागत न्हाय." आपल्या गावची रीत तुला काय सांगायची, पण पाटलांना मात्र ती नव्यानं सांगावी लागली: पाटलाच्या दारातून गलेफाची चादर उचलली की ती दर्ग्यात पिराच्या अंगावर चढेपर्यंत सूर तुटायचा नाही. त्यांच्या आज्यानं ही रीत पाळली, बापानं पाळली. मी म्हणालो, भोंग्याला दम लागत नाही म्हणूनच त्याला गलेफापुढं चालायचा हक्क नाही. ज्याला दम लागतो आणि तरी जो थांबत नाही, त्यानंच पुढं चालायचं असतं. हंबीरराव हसले. "बोलायला काय जातंय? वाजवणार कोण?" म्हणाले. मी म्हणालो, आम्ही. त्यांनी विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण? मी चहाचे कप उचलले.

त्या दिवसापासून आपले उस्ताद मौलालीचाचा फार आठवतात. शाळा सुटली की आपल्याला ओढ्याकडं न्यायचे. वर्षभर त्यांनी आपल्या हातात कॉर्नेट दिलं नाही. जोंधळ्याच्या ताटाचा वीतभर तुकडा दोन ओठांत धरायचा, दात लावायचे नाहीत, आणि तो आडवा, सरळ ठेवून बांधावरून चालायचं. टोक खाली झुकलं की चाचांची छडी बसायची, पण ती ताटाला. आपल्याला कधी नाही. बायका हसायच्या, "मौलालीनं पोरांची बैलं केली, तोंडात वैरण दिलीया." तुझं ताट कधी झुकायचं नाही. माझं झुकायचं, आणि मी तुझ्याकडं रागानं बघायचो. नंतर कॉर्नेट आलं, तेव्हा चाचांनी दुसरी गोष्ट शिकवली आणि ती मला पहिलीपेक्षा अवघड गेली. दमल्यावर थांबण्यात काही नाही, गाढवही थांबतं. दमायच्या आधी थांबायचं. पण मिरवणुकीत थांबायचं कसं? म्हणून तर त्यांनी दोघं तयार केले. ज्याचे ओठ जड व्हायला लागतील त्यानं कोपर दुसऱ्याच्या कोपराला लावायचं, दुसऱ्यानं तिथूनच सूर उचलायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकच माणूस वाजवतोय आणि त्याला श्वास घ्यायची गरज नाही. हंबीररावांचे वडील चाचांना म्हणायचे, "तुमच्या पोरांच्या पोटात भाता हाय की काय?" भाता कसला! माझ्या डाव्या हाताला तू होतास.

सध्या मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. पहाटे फजरची नमाज झाली की खिडकी लावून घेतो आणि कॉर्नेटचं तोंड वाकळीत खुपसून वाजवतो. गाणं नाही, नुसते खालचे, हळू आवाजाचे लांब सूर. जेवढा वेळ वाजवायचं, तेवढाच वेळ कॉर्नेट मांडीवर ठेवून बसायचं. ओठावर दाबायचं नाही. जोर गालाच्या कोपऱ्यांत आणि पोटात. शेजारच्या शालूबाईंनी परवा विचारलं, "दिलदारभाई, घरात रेडकू आणलंय व्हय? सकाळी सकाळी लई रडतंय." मी म्हणालो, आणलंय, उरुसापर्यंत मोठं होईल. तरण्या पोरांना हे बसणं कळत नाही. आपल्या बँडमधला गुंडू अंगानं रेड्यासारखा, पण पहिल्याच चौकात सगळा जोर घालवतो आणि मग ओठ सुजले म्हणून रडतो. मला रमजानच्या रोज्यांनी ही गोष्ट लहानपणीच शिकवली होती, फक्त ती कॉर्नेटलाही लागू आहे हे उशिरा कळलं. दिवसभर काही न घेता राहणं म्हणजे ताकद गमावणं नव्हे. ती जपून ठेवणं आहे. इफ्तारीचा पहिला घोट घेताना हे कळतं.

आता तुझ्याकडं येतो. गेल्या वर्षी माघात तुझ्या तोंडावरून वारं गेलं आणि डावी बाजू लोंबली. तू टॉवेल गुंडाळून गाव सोडलंस. बाजारात कुणीतरी वाकड्या तोंडाचा बँडवाला म्हणालं, एवढ्यावर तू बायकोचं माहेर धरलंस. मी दोनदा आलो, दोन्ही वेळा तू माडीवर झोपलेला होतास. भर दुपारी कोण झोपतं, आकाराम? मी तिथं काही बोललो नाही, कारण दुसऱ्याच्या घरात आवाज चढवणं बरं नाही. इथं कागदावर चढवतो. तू संपलेला नाहीस. संपलो म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला? ज्यानं दम दिला तो परत मागेल तेव्हा देऊ, त्याच्या आधी आपण होऊन नेऊन द्यायचा नाही. आज वहिनी इथं आल्यात, तूच पाठवलंयस, कॉर्नेट विकलं का ते विचारायला. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की तुझा चहा आता सांडत नाही, आणि परवा गुळावर कावळा बसला तेव्हा तू शीळ घातलीस. कावळा उडाला, म्हणाल्या. मी त्यांना ते दोनदा सांगायला लावलं. शीळ घालायला ओठ मिटावे लागतात, आकाराम. मिटलेल्या ओठांतून वारा नेमका सोडावा लागतो. ज्याला कावळा उडवता येतो त्याला सूर लावता येतो. माउथपीस ओठांच्या मधोमध बसत नसेल तर उजवीकडं बसव. मौलालीचाचांचा पुढचा दात पडला होता, ते आयुष्यभर एका कोपऱ्यातून वाजवत आले. लोक त्यांचं तोंड बघत नव्हते, सूर ऐकत होते.

आता जे तुला कुणी सांगितलेलं नाही ते सांगतो. कुणी सांगू नये म्हणून मीच गावाला हात जोडले होते. गेल्या उरुसात मी एकट्यानं निभावलं असं तू ऐकलं असशील. निभावलं नाही. गुंडू मारुतीच्या देवळापाशीच बसला. मी पुढं ओढत गेलो, आणि विहिरीच्या वळणावर, जिथं नेहमी मी कोपर काढायचो, तिथं सवयीनं काढलं. ते हवेत गेलं. पुढच्या ओळीला ओठातून नुसता वारा आला. सूर तुटला, ढोलवालाही थांबला, गलेफ धरणारे जागच्या जागी उभे राहिले. कडेला उभी असलेली म्हातारी बनाबाई मोठ्यानं म्हणाली, "आकाराम कुठाय रं?" तिथून दर्ग्यापर्यंत गलेफ मुक्यानं गेला. हंबीरराव भोंगा आणणार आहेत तो त्यामुळं. मी त्यांना शब्द दिलाय की यंदा सूर तुटणार नाही, आणि माझ्या एकट्याच्या ओठांनी तो राखता येणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. तुला धीर द्यायला लिहिलेलं नाही, मला तू पाहिजेस म्हणून लिहिलंय. सगळं गाणं वाजवू नकोस. ओळ संपते तो खालचा एकच सूर धर, हळू, उजव्या कोपऱ्यातून, मी दोन श्वास घेईपर्यंत. पुढची ओळ मी उचलीन. उरुसाला अजून महिना आहे; रोज पहाटे वाकळीत वाजव आणि तेवढंच थांब. वहिनींच्या पिशवीत वर भाकरी आहेत, त्याखाली तुझं कॉर्नेट आहे. तू आला नाहीस तरी मी पाटलाच्या दारात उभा राहणार, आणि वळणावर डावं कोपर बाहेर काढणार. बनाबाई अजून आहे. ती पुन्हा विचारील. या वेळी उत्तर तू दे.

तुझ्या उजव्या हाताची जागा न सोडणारा,
तुझाच
दिलदार