विहाराला आता दार नाही

ठाणाकुशनूर,
१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

प्रिय पंचशीला,

सप्रेम जय भीम. कलबुर्गीत तुझं नर्सिंग नीट चाललं असेल. माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून कागदावर लिहायलोय. फाडायचं असलं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

इथं सोयाबीनची काढणी चालू आहे. कोळारच्या गोदामातलं काम मी सोडलं, दिवसा मजुरीला जातो. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "तुला सोडायला लई छान येतं." व्हय, येतं. पण आता एक गोष्ट धरलीय, ती सोडणार न्हाई.

तुझ्या अप्पांनी सांगितलंच असेल, प्रेम्यानं विहाराचं दार तोडलं म्हणून. खोटं आहे. पौर्णिमेला वंदनेसाठी दार उघडलं होतं. सगळे खिरीकडं वळले तेव्हा मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दोन्ही फळ्या उतरवल्या आणि आत विटांवर आडव्या ठेवल्या. आता त्यांच्यावर पोरं बसतात.

त्याआधी तीन महिने आम्ही बाहेर पायरीवरच बसायचो. रोज संध्याकाळी. त्रिशरण-पंचशील म्हणायचं, थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडं बघायचं, मग ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं. मधी कुणी शिकवायचं न्हाई. ऐकलेलं बाहेर न्यायचं न्हाई. चार जण होतो, आता सतरा आहोत.

पिंकी येते, तिला विचारूनच लिहायलोय. तिची माय उन्हाळ्यात गेली. आठ दिवस नुसती बसली. नवव्या दिवशी म्हणाली, "मायनं घातलेलं लोणचं बरणीत थोडंच राहिलंय. म्हणून मी खाईना." दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली.

वरच्या गल्लीतला शिवराज दोन दिवस लांब उभा होता. त्याचा भाऊ मोटारसायकलवरनं पडून गेला. "आमी आलो तर चालतंय का? आमचा देव येगळा हाय."

"देवाला घरी चहा पाजून ये," मी म्हणलो.

हसला. चप्पल काढली, आत आला.

मग कमिटीचे अध्यक्ष म्हणून तुझे अप्पा आले. "ही वंदनेची जागा हाय. पोरी-पोरांनी मिळून रडत बसायची न्हाई. गाव काय म्हणंल?"

"गाव तुमच्या व्यंक्याला काय म्हणलं, काका? पाय घसरून हिरीत पडला म्हणलं. तुमीबी तेच म्हणलात. बापानं तरी खरं बोलावं की!"

सतरा जणांसमोर बोललो मी हे. काकांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. दाराशिवायच्या विहाराची किल्ली. तसेच मागं फिरले. तू मला ब्लॉक केलंस ते त्याच दिवशी. बरोबर केलंस.

पण मी कुठला खरं बोलणारा?

चार महिने तू सगळ्यांना विचारायलीस, माझा भाऊ शेवटी कुणाशी बोलला? मलाही विचारलंस. "म्हाईत न्हाई" म्हणालो.

माझ्याशी बोलला, पंचशीला. त्या शनिवारी दुपारी कोळारला गोदामाच्या गेटवर आला होता. म्हणाला, "प्रेम्या, जरा बसू की कुठंतरी. डोकं बंद पडल्यासारखं झालंय." मी घड्याळ बघायलो होतो. चार वाजता बिदरच्या स्टँडवर तुझी बस यायची होती. तू बोलणार नव्हतीस, मला नुसतं लांबून बघायचं होतं. म्हणलो, "उद्या बसू की. आज काम हाय." त्यानं माझी कॉलर नीट केली आणि म्हणाला, "जा. छान दिसायलास." त्याला सगळं कळलं होतं.

तो गावात परत आला. हिरीत सापडला तेव्हा पाय अनवाणी होते आणि चपला विहाराच्या पायरीवर होत्या, जोडीनं, नीट लावलेल्या. आपण आत जाताना काढतो तशा. बसायला जागा शोधत तो तिथंही गेला होता. चपला काढल्या, आणि दाराला कुलूप. पौर्णिमेशिवाय विहार उघडायचंच न्हाई अशी आपली रीत!

काकांना हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. म्हणूनच ते घसरलेल्या पायाला धरून बसलेत. आणि मी त्यांच्या कुलपावर ओरडत राहिलो, माझं "उद्या" झाकायला.

रविवारी दहा वाजता कमिटीची बैठक आहे. लोखंडी गेट बसवायचं म्हणतात. बसवू देत, मी उंबऱ्यात बसणार. माझ्या अंगावरनं बंद करावं लागंल. पण आधी, त्या दिवशी गोदामाच्या गेटवर काय झालं ते काकांना सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि त्यांची माफी मागणार आहे. दार मात्र परत लावणार न्हाई.

काल तुझी माय आली होती. काकूंनी पदराखालनं व्यंक्याच्या चपला काढल्या, आमच्या सतरा जोड्यांच्या रांगेत ठेवल्या आणि फळीवर येऊन बसल्या. जाताना चपला तिथंच राहू दिल्या.

तू ये. माझ्यासाठी नको. माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण त्याचं उत्तर मी आता मागणार न्हाई. आल्यावर मला मारायचं असलं तर मार.

फक्त या वेळी मी स्टँडवर येणार न्हाई. संध्याकाळी कुणीतरी बसायला येईल, आणि मी इथं असायला पाहिजे.

उंबऱ्यातनं न उठणारा,
प्रेमानंद