शंभर आपटे आणि माझा खड्डा

१२ मार्च
साहेब म्हणाले, "वच्छलाबाई, तो घाणीचा खड्डा बुजवून टाका." घाणीचा! आठ महिने राबलेय त्यावर. नर्सरीतला पाला, शेण, मंगळवेढ्याहून आणलेला कडब्याचा चुरा, घरचा भाजीचा कचरा — आता बघा, चहाच्या भुकटीसारखं खत झालंय. पण उदयसिंह साहेब नवीन. त्यांचं सगळं पाकिटातलं. नारळाच्या भुशाचं ते कोकोपीट भरायचं, वरून औषधाचं पाणी.

मी म्हटलं, लावा पैज! शंभर पिशव्या तुमच्या, शंभर माझ्या. दोन्हीकडे आपट्याचं बी. पंधरा मेला उंची मोजायची. मी हरले तर खड्डा बुजवा, तुम्ही हरलात तर अख्ख्या नर्सरीच्या पिशव्यांत माझं खत.

"चालेल," म्हणाले. मिशीत हसत. हसा!

१४ मार्च
पिशव्या भरल्या. माती, वाळू, माझं खत. माझ्या जोडीला कामाला असते ती सारजाबाई मदतीला होती. "तू हरलीस तर त्यो खड्डा मलाच बुजवाय लावत्याल की गं!" तिला आपल्या कंबरेची काळजी.

२९ मार्च
आपटा उगवला. दोन्हीकडे.

आणि माझ्या पिशव्यांत टोमॅटोही! घरच्या कचऱ्यातलं बी. बाकी सगळं कुजलं, हेच मेलं नाही कुजलं. साहेबांना दिसलं तर संपलंच! रोज सातला येऊन गुपचूप उपटते. कुणी विचारलं तर रोपांशी बोलते म्हणून सांगायचं.

१७ एप्रिल
ऊन बेचाळीस. साहेबांची रोपं पिवळी पडली! माझी हिरवीगार. मुद्दाम त्यांच्या ओळीशेजारी बसून डबा खाल्ला. "साहेब, गावाकडं काविळीचं औषध लई चांगलं मिळतं. आणू का?"

साहेब औषधाचं पाणी कालवायला गेले.

२४ एप्रिल
खड्ड्यातलं खत कमी दिसतंय. कुत्रं उकरत असणार. वर बोरीच्या काट्या टाकल्या. ये म्हणावं आता!

२६ एप्रिल
साहेबांचा हात ओरबाडलेला. मांजरानं, म्हणे. हळद दिली. पैज आहे म्हणून काय माणुसकी सोडायची?

६ मे
साहेबांची रोपं सुधारली की! हल्ली माझ्याही आधी येतात. पिशव्यांवर वाकून काहीतरी निवडत बसतात. एवढी माया बायकोवर तरी करतात का, देव जाणे.

मला धाकधूक लागलीय. खरंच.

१५ मे
मोजलं. पट्टी सारजाबाईनं धरली. साहेबांची रोपं माझ्या रोपांपेक्षा अर्धं बोट उंच. हरले.

साहेब हसलेसुद्धा नाहीत. "सोमवारी बुजवू," एवढंच. तेही खाली बघून.

पंपाच्या खोलीमागं जाऊन पोटभर रडले. सारजाबाई म्हणाली, "रडू नगं. दुसरा खणू." कुठं खणू? न्हाणीत? आणि ते खत, तसं खत परत जमेल कशावरून!

१६ मे
साहेब कुर्डुवाडीला भाचीच्या लग्नाला गेले. सोमवारीच येणार. मरू दे.

१८ मे
रविवार, पण पाणी कोण घालणार? मीच आले. साहेबांच्या ओळीत वाकले — टोमॅटो! एक नाही, चौदा! पाकिटातल्या कोकोपीटमध्ये?

मांजर म्हणे! माझी हळद परत द्या!

एकही उपटला नाही. आधी त्यांनाच पाणी घातलं. उद्या साहेब यायच्या आत टवटवीत दिसायला हवेत.